पुढची ओळ वाचा

साळवेबाईंना राग फारसा येत नसे. त्यांना किळस येई. रागावलेलं माणूस आवाज चढवतं, हातवारे करतं. बाईंचं तसं काही नव्हतं. समोरचा बोलत असतानाच त्यांचा खालचा ओठ आत ओढला जाई, नाकपुड्या आवळत, आणि दुधात माशी दिसावी तशा त्या बोलणाऱ्याकडे बघत. बोलणं संपलं की उठून शाळेमागच्या नळावर जात आणि खळखळून चूळ भरून येत. मुलींना वाटे, बाईंचा दात दुखतो. पहिले सहा महिने मलाही तसंच वाटत होतं.

माझं माहेर दापोऱ्याचं, केळीवाल्यांचं. लग्न होऊन मी बऱ्हाणपुरात राजपुऱ्यात आले आणि वर्षभरात मराठी मुलींच्या शाळेत लागले. जुनं राज्य मोडून नवं झालं, तेव्हाची ही गोष्ट. सरकारी कागद आधी नागपूरहून येत, ते भोपाळहून येऊ लागले होते. पलीकडची मराठी गावं दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्ही इथेच राहिलो. शिक्षिकांच्या खोलीत रोज एकच विषय: मराठीचे वर्ग राहतात की जातात. कोणी रडवेली होई, कोणी पुढाऱ्यांना नावं ठेवी. साळवेबाई तेवढ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर ताठ बसून वह्या तपासत असत.

त्यांचं नाव सुवार्ता. वय पन्नाशीचं, बांधा काटकुळा, अंगावर कायम पांढरं सुती पातळ. जवळचं असं कोणी नव्हतं. रेल्वेलाइनीकडे एका खोलीत एकट्या राहत. आठवडाभर शाळेत मराठी शिकवायच्या आणि रविवारी उपासना झाल्यावर त्यांच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, बायकांना बायबल वाचून दाखवायच्या. त्यांना कोणी लग्नाकार्याला फार बोलवत नसे, कारण तिथेही कोणी शास्त्रातलं वचन चुकीच्या जागी वापरलं तर त्या जेवणाच्या पंगतीत ते दुरुस्त करत. चहा अतिशय वाईट करायच्या. कोणाच्या पोराला उचलून घेताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं. एकदा एका मुलीने कवितेच्या चार ओळी घडाघडा म्हणून दाखवल्या, तर त्यांनी तिला शाबासकीऐवजी विचारलं की हे कोण बोलतंय, कोणाला बोलतंय. पोर गोंधळून रडायला लागली. बाईंनी मात्र प्रश्न मागे घेतला नाही.

हा त्यांचा कायमचा प्रश्न. कोण बोललं, कोणाला बोललं, कधी बोललं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं: पुढची ओळ वाचा. त्यांच्या बायबलात एकही खूण नव्हती. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "एका ओळीखाली रेघ मारली की बाकीच्या ओळी मरतात."

त्यांच्या मंडळीत थोरात नावाचे वडील होते. 'वडील' हे त्यांच्याकडे पद असतं, कारभार पाहणाऱ्या मोठ्या माणसाचं. गोरेपान, गोड बोलणारे, धोतराची इस्त्री न मोडणारे. त्यांनी शिवणयंत्रांचं नवीन दुकान काढलं तेव्हा उद्घाटनाला आमच्या शाळेच्या सगळ्या शिक्षिकांना बोलावलं होतं. गल्ल्यामागे भिंतीवर काच लावलेली चौकट होती आणि तिच्यात रंगीत दोऱ्यांनी भरलेलं वचन, अशा अर्थाचं की तुझी सुरुवात लहान असली तरी शेवट फार मोठा होईल. मला ते आवडलं. मी तसं बोललेही.

बाईंचा ओठ आत गेला. परतताना रस्त्यात त्यांनी मला सांगितलं की हे बोलणारा देव नव्हे, बिल्दद नावाचा माणूस आहे. ईयोब म्हणून एक भला माणूस होता, त्याची दहाच्या दहा मुलं घर कोसळून एका दिवसात मेली. तो राखेत बसला होता. हा बिल्दद त्याचा मित्र, समाचाराला आला आणि म्हणाला की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून मेली. तू आता देवाची विनवणी कर, म्हणजे पुढे तुझं बरं होईल. त्या बोलण्यातला हा शेवटचा गोड तुकडा. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत.

"मुलं पुरून आलेल्या बापाला ऐकवलेलं वाक्य आहे ते," बाई म्हणाल्या. "याने ते गल्ल्यावर टांगलंय."

मी म्हटलं, थोरातांना ठाऊक नसेल. बाई म्हणाल्या की चौकट बनत होती तेव्हाच मी त्यांना दोनदा सांगितलंय. त्यावर ते हसून म्हणाले होते की बाई, वचन ते वचन. देवाच्या पुस्तकात आहे ना, मग झालं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला बाईंच्या चुळा भरण्याचा अर्थ कळला.

पण त्या एकाच बाजूने काटेकोर होत्या असं नाही, आणि हे मला आमच्या घरी दिसलं. त्या दिवसांत मिशनवाल्यांविरुद्ध सभा होत. माझे सासरे एका सभेहून आले ते घुश्शातच. वक्त्याने म्हणे ख्रिस्ती पुस्तकातून वाचून दाखवलं होतं की जो आपल्या आईबापांचा द्वेष करत नाही त्याला येशूचा शिष्य होता येत नाही. नेमक्या दुसऱ्या दिवशी बाई माझ्याकडे प्रश्नपत्रिका घ्यायला आल्या. सासऱ्यांनी त्यांना बसवलं आणि सरळ विचारलं, "बाई, आईबापाचा द्वेष करा असं तुमच्या पुस्तकात लिहिलंय, हे बराबर आहे का?"

मला वाटलं, बाई नाही म्हणतील, किंवा वक्त्याला खोटा ठरवतील. त्या म्हणाल्या, "हो, लिहिलंय."

मग त्यांनी सावकाश सांगितलं. त्या वेळी येशूमागे खूप मोठा जमाव चालला होता, लोकांना वाटत होतं की आता काहीतरी मिळणार. त्या जमावाकडे वळून तो बोलला की माझ्यामागे यायची किंमत आधी मोजा. त्या लोकांच्या बोलण्याच्या रीतीत 'द्वेष' हा शब्द 'दुसऱ्या जागी ठेवणं' या अर्थानेही येतो. आमच्या पुस्तकात याकोब म्हणून एक पूर्वज आहे, त्याच्या दोन बायकांपैकी जी कमी आवडती, तिच्याबद्दल हाच शब्द आहे, आणि तिच्याशी तर त्याने संसार केला. शिवाय हाच येशू मरताना आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली करून गेला. सासरे ऐकत होते. ते म्हणाले, म्हणजे मग त्यात तसं काही वाईट नाही. बाईंनी मान हलवली.

"मी ती ओळ गोड करून देत नाही, दादासाहेब. ती कडूच आहे. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा त्यांची आई त्यांच्या दारात उपाशी बसली होती. ते तिला ओलांडून गेले. त्यांनी हीच ओळ म्हटली होती. ते चुकले की नाही, मला अजून ठरवता येत नाही."

सासरे पुढे कधी त्या सभांना गेले नाहीत. बाईंचा विषय निघाला की म्हणत, ही बाई आपल्या घरचं झाकत नाही.

त्यानंतर दोन महिन्यांनी शाळेत परिपत्रक आलं. कागद हिंदीत होता. कारकून दुबेजींनी मुख्याध्यापिकांच्या खोलीत उभ्याउभ्या त्यातलं एक वाक्य वाचलं की पुढच्या सत्रापासून शिकवण्याचं माध्यम हिंदी राहील. झालं. शिक्षिकांच्या खोलीत सुतक पसरलं. दोघींनी तर तिथेच बदलीचे अर्ज लिहायला घेतले. साळवेबाईंनी दुबेजींकडे कागद मागितला. तो त्यांनी माथ्यावरच्या नावापासून तळाच्या सहीपर्यंत वाचला, मग परत एकदा वाचला. मग म्हणाल्या की दुबेजींनी वाक्य मधून सुरू केलंय. आधी अट आहे: जिथे मराठी शिकू इच्छिणाऱ्या मुली पुरेशा नसतील तिथे. आमच्याकडे मुली भरपूर होत्या. म्हणजे पालकांच्या सह्या घेऊन अर्ज केला तर वर्ग राहणार होते.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे पेढे मागवले. बाई कागद हातात धरून तशाच उभ्या.

"अजून एक कलम आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी तेही वाचलं. ज्या शिक्षकांनी ठरलेल्या मुदतीत हिंदीची परीक्षा दिली नसेल आणि ज्यांचं वय अमुक वर्षांच्या वर असेल, त्यांना सेवेतून मोकळं करावं. शाळेत त्या वयाच्या एकट्या साळवेबाई होत्या, आणि त्यांनी परीक्षा दिलेली नव्हती. मुदत उलटून गेली होती. दुबेजी हलक्या आवाजात म्हणाले, ते कलम आम्ही बघितलंच नाही असं समजा, इतक्या लांबून कोण तपासायला येतंय. बाई त्यांच्याकडे तशाच बघत राहिल्या, त्या माशीवाल्या नजरेने, आणि म्हणाल्या की वरचं कलम खरं धरायचं तर खालचंही धरावं लागेल.

वर्ग राहिले. शाळेच्या चालकांनी सत्काराच्या सभेत त्याचं सगळं श्रेय स्वतः घेतलं, हार घालून घेतले. साळवेबाईंना सत्राच्या अखेरीस जायचं होतं. त्या सभेत त्या शेवटच्या रांगेत होत्या. आम्ही कोणी उठून काही बोललो नाही. मीही नाही. आज हे लिहिताना मला स्वतःचीच शिसारी येते.

त्याच सत्रात एस्तेरची मुलगी गेली.

एस्तेर आमच्या शाळेत घंटा द्यायची, पाणी भरायची. साळवेबाईंच्याच मंडळीतली. तिचा नवरा मोझेस रेल्वेत रूळ बदलणारा सांधेवाला, ड्यूटीमुळे अर्धा वेळ घराबाहेर. निर्मला त्यांची एकुलती एक, सहा वर्षांची. शाळा सुटली की आईची घंटा स्वतः वाजवायला मागायची. तिला घटसर्प झाला. घसा सुजला, श्वास अडकायला लागला. एस्तेरने दवाखान्यात नेली, पण उशीर झाला होता. आदल्या दिवशी शेजारच्या अमीनाआपांनी दर्ग्यावरून मंतरलेला गंडा आणून दिला होता, तो एस्तेरने पोरीच्या गळ्यात बांधला होता. मूठमातीच्या वेळी तो कोणाच्या तरी नजरेस पडला.

मी भेटायला गेले तेव्हा एस्तेर भिंतीला टेकून बसली होती. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हटलं की देवाने काहीतरी चांगल्यासाठीच नेलं असेल. साळवेबाई तिथेच होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "सुशीला, हे वाक्य तू कुठून आणलंस?" मी म्हटलं, सगळे म्हणतात. त्यांचा तो ओठ आत गेलेला मी बघितला. तोवर तो नेहमी दुसऱ्यांसाठी आत गेलेला पाहिला होता.

पंधरा दिवसांनी बाहेरगावचा एक उपदेशक आला, थोरातांकडे उतरला. थोरातांनी त्याला गंड्याचं सांगितलं. ठरलं असं की रविवारी एस्तेरने मंडळीपुढे उभं राहून पाप कबूल करावं. एस्तेरने मला शाळेत विचारलं, तुम्ही याल का, माझ्याजवळ बसाल का. मी त्यांच्या चर्चमध्ये कधी गेले नव्हते. गेले. मागच्या बाकावर एस्तेरशेजारी बसले, साळवेबाई आमच्या पुढे.

उपदेशकाचा आवाज चांगला होता. त्याने दहा आज्ञांमधलं वाचलं की देव वडिलांच्या अन्यायाची शिक्षा मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत देतो. पुस्तक मिटलं. म्हणाला, आपल्यातल्या एका आईने परक्या देवाचा दोरा बांधला आणि देवाने तिचं लेकरू उचललं. ही शिक्षा नाही, ही दया आहे, बाकीच्यांनी जागं व्हावं म्हणून. थोरात डोळे मिटून मान डोलावत होते. शेजारी एस्तेरचा हात बाकाच्या कडेवर होता, नखं लाकडात रुतलेली.

साळवेबाई उभ्या राहिल्या. आवाज शाळेतलाच.

"साहेब, पुढची ओळ वाचा."

उपदेशक थांबला. बाई म्हणाल्या की वाक्य तिथे संपत नाही. त्याच दमात पुढे लिहिलंय की जे माझ्यावर प्रीती करतात त्यांच्यावर मी हजारो पिढ्या दया करतो. तीन-चार एका बाजूला आणि हजारो दुसऱ्या बाजूला. लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं ते त्या दोन आकड्यांत आहे. आणि शिक्षा कोणासाठी, तर देवाचा द्वेष करणाऱ्यांसाठी. "या बाईने पोरगी जगावी म्हणून दोरा बांधला. तिने देवाचा द्वेष केला, हे तुम्ही कुठे वाचलंत?"

थोरात उठले. हसूनच म्हणाले की बाई, प्रेषित पौलाने आपल्या पत्रात मंडळीतल्या स्त्रियांना गप्प राहायला सांगितलंय, हेही वचनच आहे. बाई म्हणाल्या की त्याच पत्रात तीन अध्याय आधी तो मंडळीत प्रार्थना करणाऱ्या बायकांनी डोक्यावर पदर घ्यावा म्हणतो. त्या बायका गप्प असत्या तर पदराचं कशाला सांगितलं असतं. ते पत्र एका भांडणाऱ्या मंडळीला लिहिलेलं आहे. आधी ते भांडण समजून घ्या, मग मला बसवा.

मागे एक बाई खोकली. मला वाटलं, आता काहीतरी होईल, निदान एक तरी माणूस उठून बाईंच्या बाजूने उभा राहील. चाळीसेक माणसं होती. सगळी आपापल्या हातांकडे बघत होती.

उठली ती एस्तेर. ती पुढे गेली, मंडळीकडे तोंड केलं आणि म्हणाली की माझ्या पापाने माझी पोरगी गेली, मला माफ करा. उपदेशकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोरातांनी गीत सुरू केलं. लोक मोकळ्या गळ्याने गायले. इतक्या गोड आवाजांचा मला तेव्हा जो वीट आला, तो अजून गेलेला नाही.

बाहेर चिंचेखाली साळवेबाईंनी एस्तेरला गाठलं. त्या चिडल्या नव्हत्या. फक्त विचारलं, की तू असं का केलंस.

एस्तेर शांतपणे म्हणाली, "बाई, मतलब माझा कसूर नव्हता, असं तुम्ही म्हणता. मग निर्मला कशासाठी गेली, ते सांगा. ते लोक कमसेकम काहीतरी सांगतात."

मी बाईंकडे बघत होते. त्यांना सगळं पुस्तक येत होतं. कुठलंही वचन काढून त्या देऊ शकल्या असत्या, आणि ते बरोबर जागेवरचं असतं.

"मला माहीत नाही, एस्तेर," त्या म्हणाल्या.

एस्तेर घरी गेली. पुढच्या रविवारी बाईंचा बायबल वाचायचा बायकांचा वर्ग थोरातांनी काढून घेतला. आपल्या सुनेला दिला. वर्गातल्या एकाही बाईने कारण विचारलं नाही. महिन्याभराने सत्र संपलं आणि शाळेतूनही बाई गेल्या. निरोपसमारंभ त्यांनी करू दिला नाही. मी घरी भेटायला गेले, तर खोलीला कुलूप होतं.

त्यानंतर त्यांच्याबद्दल कानावर आलं ते तुकड्या-तुकड्यानेच. मोझेसची बदली चांदनी स्टेशनला झाली आणि एस्तेरही घंटेचं काम सोडून तिकडे गेली. मग कळलं की साळवेबाई त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहतात, गँगमनच्या पोरांना अक्षरं शिकवतात. हे कसं झालं, एस्तेरने त्यांना बोलावलं की बाई आपण होऊन गेल्या, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्या दोघी एकमेकींशी काय बोलत असतील, याचाही मला अंदाज येत नाही.

दोन वर्षांनी खंडव्याला नणंदेकडे जाताना आमची पॅसेंजर चांदनीला थांबली. सकाळचे अकरा वाजले असतील. मी खिडकीत बसले होते. फलाटावर लिंबाच्या सावलीत साळवेबाई उभ्या. केस पूर्ण पांढरे, पातळ तसंच. खांद्यावर पाच-सहा महिन्यांचं मूल झोपलेलं. एका हाताने त्याच्या पाठीला धरलं होतं, दुसऱ्या हाताने पदराने माशा वारत होत्या. थोड्या अंतरावर एस्तेर नळावर आपल्या बाळाची दुपटी पिळत होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात आमच्याच गाडीच्या पुढच्या डब्यातून थोरात उतरले. कडक इस्त्रीचं धोतर, काखेत काळं पुस्तक. तिथल्या चार घरांसाठी प्रार्थना घ्यायला आले असावेत. बाईंना बघून ते लांबूनच हसले, जवळ आले, काहीतरी बोलले. मग डोळे मिटून त्यांनी आपला पांढराशुभ्र हात आशीर्वादासाठी त्या बाळाच्या डोक्याकडे नेला.

बाईंनी बाळ अलगद उचलून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. थोरातांचा हात तसाच हवेत राहिला. बाई पाठ करून नळाकडे चालू लागल्या. झोपेतच बाळाने त्यांच्या मानेशी तोंड घासलं, तेव्हा त्यांनी आपला गाल क्षणभर त्याच्या डोक्यावर टेकवला. गाडी हलली.